आरसीएस चॅट 'व्हेरिफाय होतंय' वरच अडकलेलं, शेवटी असं सुटलं

आम्ही निपाणीचे, फोनमध्ये दोन सिम, एक कर्नाटकचं एक महाराष्ट्राचं, नेटपॅक महाराष्ट्राच्या सिमवर. कागलच्या आत्याला मराठीत जरा लांब मेसेज लिहिला की तीन-चार एसएमएस कापले जायचे, कारण देवनागरीत एका एसएमएसला 70 च अक्षरं बसतात (इंग्रजीत 160) आणि काना-मात्रा पण वेगळ्या मोजतात. म्हणून कर्नाटकच्या नंबरवर आरसीएस (मेसेज अॅपमधूनच, पण एसएमएसऐवजी नेटवरून लांब मेसेज पाठवायची सोय) चालू केलं तर पाच दिवस नुसतं 'व्हेरिफाय होतंय'. रिस्टार्ट, अॅप अपडेट, कॅश क्लिअर, सगळं करून बघितलं. अगदी रडकुंडीला आले होते.

चाललं ते असं. आधी त्या कर्नाटकच्या सिमवर एसएमएस आणि नेट दोन्ही असलेला रिचार्ज मारला, कारण व्हेरिफाय करायला फोन गुपचूप एक एसएमएस पाठवतो आणि माझ्या त्या सिमचं आउटगोइंगच बंद होतं, खरी गोम इथंच. मग मेसेज अॅपच्या सेटिंगमध्ये आरसीएस बंद, अॅप फोर्स स्टॉप, कॅरिअर सर्व्हिसेस नावाच्या फोनमधल्याच अॅपचं स्टोरेज क्लिअर (जुने मेसेज जात नाहीत, घाबरू नका). वायफाय बंद करून मोबाईल डेटा त्याच सिमवर घेतला, फोन रिस्टार्ट केला आणि आरसीएस परत चालू. दोन मिनिटांत 'कनेक्टेड'!

आत्याच्या फोनवर आरसीएस आधीच चालू होतं, त्यामुळं काल पुरणाची अख्खी रेसिपी एकाच मेसेजमध्ये गेली.