‘लाइक’आधी ‘व्हेरी’ लावू नका: ‘खूप’ इंग्रजीत नेताना होणाऱ्या चुका

नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी मी फळ्यावर एकच वाक्य लिहितो, ‘मला तुमचं घर खूप आवडलं’, आणि म्हणतो, करा इंग्रजी. निम्म्याहून जास्त वह्यांत उत्तर ठरलेलं असतं: ‘आय व्हेरी लाइक युवर हाउस’. उरलेल्यांत ‘आय लाइक व्हेरी मच युवर हाउस’वाले असतात, आणि दोन-चार धीट मंडळी थेट ‘टू मच’ ठोकून देतात. ही मुलं काही ढ नसतात. कुणी बी.कॉम. असतं, कुणी डिप्लोमा करून एमआयडीसीत नोकरीला लागलेलं. ‘लाइक’ हे क्रियापद सगळ्यांना शाळेपासून पाठ. घोटाळा आपल्या ‘खूप’चा आहे.

‘खूप’ हा घरातल्या थोरल्या सुनेसारखा पडेल ते काम करतो. खूप उंच, खूप लोक, खूप हळू, खूप आवडलं. इंग्रजीतल्या ‘व्हेरी’ला एवढी कामं जमत नाहीत. विशेषण आणि क्रियाविशेषण, बस. ‘व्हेरी टॉल’ चालतं, ‘व्हेरी स्लोली’ चालतं. लोकांची संख्या सांगायला ‘मेनी’ लागतं, आणि क्रियापदाकडे जायचं तर ‘मच’ला बरोबर घेतल्याशिवाय ‘व्हेरी’ला दारात उभं करत नाहीत.

बरं, ‘मच’ घेतला तरी बसवायचा कुठे? मराठीत ‘खूप आवडलं’ ही जोडी एकमेकांना चिकटलेली असते, कारण घर आधीच येऊन गेलेलं असतं. इंग्रजीत घर क्रियापदानंतर येतं. आपण सवयीने ‘लाइक’ आणि ‘व्हेरी मच’ चिकटवतो आणि घराला शेपटाकडे ढकलतो. पण क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मध्ये कुणी शिरलेलं इंग्रजीला सहसा खपत नाही. म्हणून ‘आय लाइक युवर हाउस व्हेरी मच’. माझ्या वर्गात यावर एकच नियम, आधी माल, मग दाद. वाक्य बोलताना समोरच्या वस्तूला बोट लावायचं, तिचं नाव घ्यायचं, बोट उचललं की मगच ‘व्हेरी मच’. बालवाडीतला प्रकार वाटतो, पण चाळिशीतल्या अकाउंटंटकडूनही मी हेच करून घेतो आणि तो दोन दिवसांत सुधारतो.

‘आय व्हेरी मच लाइक’ चूक नाही, जरा ठेवणीतलं आहे इतकंच. आणि नुसता ‘मच’ होकारात लंगडा पडतो. ‘आय लाइक इट मच’ कुणी म्हणत नाही, पण ‘आय डोन्ट लाइक इट मच’ अगदी चोख.

आता ‘टू मच’. ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती पकडणारं कुणी नाही. ‘व्हेरी लाइक’ लिहिलं तर मोबाइलसुद्धा खाली रेघ ओढतो. ‘वुई लाइक इट टू मच’ला तो गप्प राहतो. व्याकरण बरोबर आहे ना! अर्थ तेवढा भलताच.

माझी एक विद्यार्थिनी नाशिकजवळच्या एका द्राक्ष निर्यातदाराकडे काम करायची. ऐन फेब्रुवारीत, पॅकहाउस दिवसरात्र चालू असताना, इंग्लंडच्या खरेदीदाराने पनेटवर, म्हणजे द्राक्षांच्या छोट्या डब्यावर, लावायच्या नव्या लेबलचा नमुना पाठवला. सगळ्यांना आवडला. हिने उत्साहात मेल केली, ‘वुई लाइक्ड द न्यू लेबल टू मच, स्पेशली द कलर्स’. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: रंग जास्त वाटत असतील तर कमी करून पाठवतो. सोबत फिकट, आजारी दिसणारा नवा नमुना. इकडे मालक भडकले, कारण छपाई थांबली होती. तिने खुलाशाची मेल लिहिली, ‘नो नो, कलर्स आर टू गुड’. त्यावर तिकडून फोनच आला.

रात्री दहाला तिने मला फोन केला. ‘सर, मी कौतुकच तर केलं होतं!’ मी म्हटलं, ‘भाजीत मीठ टू मच पडतं, तेव्हा तू कौतुक करतेस का?’ ‘टू’ म्हणजे ‘खूप’ नव्हे, ‘जरा जास्तच’. प्रमाण सुटलं, आता काहीतरी कमी करा, अशी सूचना त्यात दडलेली असते. मित्रांत ‘टू गुड यार’ म्हणा, माझी ना नाही. पैशांचा व्यवहार असेल तिथे नको. माझा उपाय साधा आहे: मेल पाठवण्यापूर्वी ‘टू’ शोधायचा आणि त्या जागी ‘जरा जास्तच’ ठेवून वाक्य मराठीत वाचायचं. कसंतरी वाटलं की खोडा.

‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’वाल्यांचा मला राग येतो तो इथेच. त्यांच्या तक्त्यात ‘खूप म्हणजे व्हेरी, टू, सो’ असं एका ओळीत दिलेलं असतं. घाई असलेल्याला हवं तेच ते देतात, आणि वर्षभराने तो माणूस माझ्याकडे येतो.

प्रत्येक क्रियापदाचे सोबती ठरलेले असतात, आणि ते पाठ करण्यावाचून इलाज नाही. जे. आर. फर्थ नावाचे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ १९५७ मध्ये लिहून गेले की शब्द ओळखावा तो त्याच्या संगतीवरून. हे गृहस्थ त्याआधी काही वर्षं लाहोरला इंग्रजी शिकवत होते. आपल्यासारख्यांच्या वह्या त्यांनी नक्की तपासल्या असतील, असं मला उगाच वाटतं. मी शंभर पानी वही करायला लावतो. डावीकडे क्रियापद, उजवीकडे सोबती: ‘रेकमेंड’ला ‘हायली’, ‘रिग्रेट’ला ‘डीपली’, ‘अ‍ॅग्री’ला ‘कम्प्लीटली’. ‘नीड’ला ‘बॅडली’ लागतो. ‘वुई नीड वॉटर बॅडली’ यात वाईट काही नाही, पाण्याची निकड आहे.

बाकीच्या चुका पटापट. ‘आय अ‍ॅम व्हेरी अ‍ॅग्री’: ‘अ‍ॅग्री’ क्रियापद आहे, त्याला ‘अ‍ॅम’ही नको आणि ‘व्हेरी’ही नको. ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ ‘लव्ह’ला शोभतो, ‘लाइक’ला नाही. ‘आय हार्डली वर्क्ड’ म्हणजे ‘मी खूप कष्ट केले’ नव्हे, मी काम केलंच नाही म्हणा ना, हे बायोडेटात लिहू नका. आणि काहीच सुचत नसेल तर ‘रिअली’ घ्या. तो ‘लाइक’च्या आधी बसतो, म्हणजे आपल्या ‘खूप’च्याच जागी. ‘आय रिअली लाइक युवर हाउस’. नवशिक्याला याहून सुरक्षित जागा नाही.

राहिला ‘क्वाइट’. तो ‘अ‍ॅग्री’बरोबर आला तर पूर्ण सहमती, ‘लाइक’बरोबर आला तर, निदान इंग्लंडात, ‘बरा आहे’ इतपतच. पुढच्या हंगामात त्याच मुलीचा दुपारी फोन आला, मागे ऑफिसात गलका. इंग्लंडच्या खरेदीदाराची मेल आली होती, ‘वुई क्वाइट लाइक द फर्स्ट लॉट’, आणि मालकांनी पेढे मागवले होते. मी अर्थ सांगितला. ती जरा वेळ गप्प झाली. मग हळूच म्हणाली, ‘सर, आता पेढे तर वाटून झालेत.’ मी म्हटलं, मग मालकांना उद्या सांग.