दिवाळीआधी आळी झाका, पातेरा जाळू नका

पाऊस परतला की कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीतली ओल झपाट्याने उतरते. 3000 मिलिमीटरच्या घरात पडलेला पाऊस, पण कातळाच्या भेगांतून बघता बघता निघून जातो. जूनमध्ये लावलेलं कलम मात्र हिरवंगार दिसत असतं, म्हणून आपण गाफील राहतो. शिमग्याला ते वाळलं की बोल उन्हाला लावतो. वर्षानुवर्षं पाहतोय, परसातली निम्मी रोपं उघड्या आळ्यापायी, म्हणजे बुंध्याभोवती पाण्यासाठी केलेला गोल खळगा न झाकल्यापायी जातात.

या आठवड्यात बाकी सगळं राहिलं तरी चालेल, आळी झाका. तण काढा, माती वरवर हलवा, एक पाणी द्या आणि ओल असतानाच पातेरा (गळलेली वाळकी पानं), पेंढा, वाळकं गवत जे हाताशी असेल ते पाच-सहा इंच पसरा. थर दबून निम्मा होतो, तेव्हा हात आखडू नका. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर साल कुजते, वाळवी चढते. माडाच्या आळ्यात सोडणं, म्हणजे नारळाची सालं, पाठ वर करून मांडा.

अंगण झाडायचं आणि पातेरा कोपऱ्यात पेटवायचा, ही सवय पाहिली की जीव तुटतो. भाजावळीला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, हवा तेवढा बाजूला काढा, उरलेला झाडाचा आहे. दुकानात ओलावा धरणारी पावडर, मुळं वाढवणारं टॉनिक पुढे करतील. घरच्या दहा झाडांसाठी त्यावर पैसे घालू नका.

बाकीची कामं:
• वाफ्यात लाल माठ, मुळा, पालक, मेथी
• मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं
• मांडवाला वाल, दुधी. चवळीत दापोली विद्यापीठाची ‘कोकण सदाबहार’
• शेणखत पूर्ण कुजलेलंच. खताच्या खड्ड्यातल्या गेंड्या भुंग्याच्या अळ्या वेचून मारा

ढगाळ हवा आली तर मात्र त्याच दिवशी शेंडे बघा. भरपूर दव आणि कडक दुपार असे चार दिवस ओळीने गेले की चवळीवर मावा चढतो, असा माझा अंदाज आहे. पुराव्याचं विचारू नका, मी शेंडे उलटून बघतो. मावा दिसला की 5 टक्के निंबोळी अर्क फवारा: अर्धा किलो कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून, 10 लिटर पाणी करायचं. निंबोळी आपल्याकडे कमी, घाटावरून कोणी येणार असेल तर आताच सांगून ठेवा. आंब्याच्या मोहोरावर भुरी (पांढरी बुरशी) आली तर पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, 10 लिटरला 20 ग्रॅम. ऊन तापायच्या आत फवारा.

जानेवारीत पातेऱ्याखाली बोट घालून बघा. दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागली तर पाणी द्या. थर विरला असेल तर साग-ऐनाची पानं गळतील तशी भर घालत राहा. आणि फाल्गुन लागायच्या आत पहिल्या वर्षाच्या कलमांना पश्चिमेकडून झापाचा (विणलेल्या माडाच्या झावळीचा) आडोसा बांधा.