डिजिटल सुरक्षेसाठी देणगी देताय? मग या चुका टाळा

मागच्या जूनमध्ये एका आश्रमशाळेत गेलो होतो, म्हटलं दोन वर्षांपूर्वी मिळालेल्या टॅबचं काय चाललंय ते बघून येऊ. चाळीस टॅब, कपाटात, प्रत्येकावर देणाऱ्या कंपनीचं स्टिकर अजून चकाचक. चालू केले तर सगळ्यांवर एकच गुगल अकाउंट, कॉम्प्युटरच्या सरांचं, कारण वाटपाच्या दिवशी पाहुणे यायच्या आत सगळे टॅब सुरू दिसायला हवे होते. गॅलरीत सरांच्या मेहुणीच्या लग्नाचे फोटो, कॉन्टॅक्टमध्ये अर्धं गाव, क्रोममध्ये पासवर्ड सेव्ह. सर कसनुसं हसत म्हणाले, "तरीच पोरं माझ्याकडे बघून हसायची."

आता यात पैसा देणारा चांगला, शाळा चांगली, सर तर बिचारे फारच चांगले, आणि तरी चाळीस टॅबनी धोका कमी करायच्या ऐवजी एक नवाच तयार केला. मी गेली काही वर्षं देणगीदार आणि गावपातळीवरच्या संस्था यांच्या मधे धावपळ करतो आणि या विषयात त्याच त्याच चुका बघतो, म्हणून हे लिहितोय.

तुमच्याकडेही असे टॅब असतील तर आधी सेटिंगमधून ते अकाउंट काढा, मग फॅक्टरी रीसेट मारा. उलटं केलं तर बऱ्याचदा टॅब जुन्याच अकाउंटचा पासवर्ड मागत अडून बसतो आणि तोवर ते सर बदली होऊन गेलेले असतात. मग शाळेच्या नावाने वेगळं अकाउंट करा आणि सरांना त्यांचा पासवर्ड बदलायला लावा, आजच.

वस्तूला पैसे, माणसाला नाही

ही सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या हिच्याच पोटातल्या. टॅब, लॅब, किऑस्क यांना पैसे लगेच मिळतात कारण फीत कापता येते. शिकवणाऱ्या ताईचा पगार म्हटलं की समोरचा लगेच "ॲडमिन खर्च पाच टक्क्यांच्या वर नको हं" म्हणतो. सीएसआरवाल्या, म्हणजे कंपनीचा सामाजिक कामाचा निधी बघणाऱ्या, एका साहेबांनी तर मला नियमच दाखवला. पण ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभाराला आहे, एखादा प्रकल्प प्रत्यक्ष राबवायचा खर्च त्यात धरत नाहीत, २०२१ च्या दुरुस्तीत हे स्पष्ट लिहिलंय. प्रशिक्षकाचा पगार हा प्रकल्पच आहे हो, दुसरं काय आहे त्यात? संस्थांनी प्रस्तावात तो 'प्रशासकीय' खाली टाकूच नये, अर्धं भांडण तिथेच मिटतं.

आणि देखभाल. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट बंद. देणगीतून उभ्या राहिलेल्या किती वाचनालयांत, किती शाळांत तेच चालू आहे आणि त्याच कॉम्प्युटरवर लोक बँकेचं काम करतायत, जरा फिरून बघा. नवीन लॅब देण्याआधी जुन्या लॅबचं बघा, एवढंच माझं म्हणणं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ओपनएसएसएल नावाचं फुकट सॉफ्टवेअर जगभरातल्या असंख्य वेबसाइटच्या कुलपाचं काम करत होतं आणि त्याला वर्षाला देणग्या यायच्या साधारण २,००० डॉलर. एप्रिल २०१४ मध्ये त्यात हार्टब्लीड ही चूक सापडली, पासवर्ड गळत होते, तेव्हा कुठे मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत खिशात हात घातला. न दिसणाऱ्या कामाला पैसे बोंब झाल्यावरच सुटतात.

एक सेमिनार, पाचशे लाभार्थी, विषय संपला

हॉल, बुके, इंग्रजी स्लाइड, 'ओटीपी कोणालाही देऊ नका', चहा, ग्रुप फोटो. ओटीपी देऊ नये हे आता सगळ्यांना पाठ आहे, तरी माणसं फसतात, कारण व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दरडावतो तेव्हा पाठ केलेलं डोक्यातून पळून जातं. असं व्हिडिओ कॉलवरच अटक केल्याचं भासवणारं 'डिजिटल अरेस्ट' कायद्यात नाहीच हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं, त्यानंतरही चालूच आहे.

आमच्याकडे उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे सराव. बचत गटाच्या मीटिंगमध्ये दहा मिनिटं, दर महिन्याला. एक जण खोटा फोन करतो, दुसरी फोन ठेवून शेजारणीला मोठ्याने सांगते. मग पैसे गेलेच तर काय: १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन, 'उद्या बँकेत जाऊन बघू' नाही, कारण पैसा तासाभरात चार खात्यांतून फिरतो. फोन करताना हाताशी बँकेचं नाव, वेळ, रक्कम आणि यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख नंबर. हा यूटीआर कुठे दिसतो तेच लोकांना माहीत नसतं, तर आम्ही प्रत्येकीला तिच्याच फोनमधल्या जुन्या व्यवहारात तो शोधायला लावतो. पहिल्यांदा वीस मिनिटं लागली. तिसऱ्या महिन्यात एका मावशींनी मलाच शोधून दाखवला.

फसल्यानंतरच्या माणसाला कोणी विचारत नाही

जागृतीला पैसे आहेत, नंतरच्या धावपळीला नाहीत. एक भाजीवाल्या मावशी आल्या, खातं गोठलं होतं. त्यांनी काहीच केलं नव्हतं, कोणीतरी २४० रुपयांची भाजी यूपीआयने घेतली आणि तो पैसा कुठल्यातरी फसवणुकीच्या साखळीतला निघाला, तक्रार दुसऱ्या राज्यातली. बँकेत 'वरून आलंय' एवढंच उत्तर. अशा वेळी बँकेकडून तक्रारीचा पोचक्रमांक आणि तपास करणाऱ्या ठाण्याचा ईमेल लेखी घ्यायचा, बिलं-पासबुक जोडून अर्ज करायचा आणि फक्त वादातली रक्कम अडकवा, बाकी खातं मोकळं करा अशी मागणी करायची. हे सगळं मावशी गाळा सोडून एकट्या करणार? एका वकिलाचे महिन्याचे चार दिवस आणि सोबत बसणारा एक कार्यकर्ता, एवढा खर्च कुठलाही ट्रस्ट उचलू शकतो, पण याचा फोटो निघत नाही ना.

भाषा

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा जाहीर केली. पण अफवा जर पाड्यावरच्या बोलीत, ऑडिओ क्लिपमधून फिरत असेल आणि आपलं खंडन पुस्तकी मराठीच्या पीडीएफमध्ये असेल तर ते पोचणार कसं? अहिराणीत, पावरीत बोलणाऱ्या स्थानिक माणसाला मानधन द्या. आणखी एक नवीन ॲप बनवू नका, कृपा करून.

देणगीदाराचीच एक्सेल

शेवटी आमची स्वतःची चूक सांगतो. रिपोर्टला पुरावा हवा म्हणून आम्ही लाभार्थ्यांची नावं, मोबाइल नंबर, आधारची झेरॉक्स असं सगळं गोळा केलं आणि ती फाइल चक्क व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, सत्तावीस जणांच्या. सायबर सुरक्षेच्या प्रकल्पाची फाइल! २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी होईल अशी संमती सांगितलीय, आमच्या यादीत तर शाळेची निम्मी पोरं होती. ग्रुपवरून डिलीट करून भागत नाही, सत्तावीस फोनमध्ये उतरलेली असते. एकेकाला फोन करून काढायला लावली, दोघांनी अजून उत्तर दिलेलं नाही. आता देणगीदाराला फक्त आकडे आणि गावाचं नाव पाठवतो, आधार लागलंच तर शेवटचे चार अंक दिसणारं मास्क्ड. एका कंपनीने यावरून पुढचा हप्ता दोन महिने अडवला, मग दिला.