रिगमधले इंडिकेटर एलईडी बदलताना या चुका टाळा

रिगच्या, म्हणजे रेडिओ सेटच्या, डायलमागचा बल्ब गेला की बहुतेक हॅम (हौशी रेडिओवाले) त्या जागी एलईडी बसवायला घेतात. साहजिकच आहे. बल्ब तापतो, आजूबाजूचं प्लॅस्टिक पिवळं पाडतो आणि काही वर्षांनी पुन्हा जातो. पण बल्ब एसी-डीसी, उलट-सुलट, व्होल्ट-दोन व्होल्ट इकडे-तिकडे, सगळं निमूट सोसतो. एलईडी सोसत नाही. म्हणून सोल्डरिंग आयर्न तापवायच्या आधी दिव्याच्या दोन टोकांवर मीटर लावा. आधी डीसी रेंजवर मोजा, मग एसी रेंजवर, आणि डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा रेझिस्टर) लावून ट्रान्समिट दाबून पुन्हा एकदा. गेलेल्या बल्बवर दिसणारं व्होल्टेज भाराविना असतं, त्यामुळे बोर्डावर त्याच लाइनीत आधीच एखादा रेझिस्टर बसलाय का, तेही बघून ठेवा.

सप्लाय १२ व्होल्ट धरणं

बेस स्टेशनचा पॉवर सप्लाय १३.८ व्होल्टचा असतो, गाडीत इंजिन चालू असताना १४.४ पर्यंत जातो. हिशेब त्यावर करा. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात. १० मिलिअँपिअर हवे असतील तर (१३.८ − २) ÷ ०.०१ = ११८० ओहम, म्हणजे बाजारातला १.२ किलोओहम. त्यात ०.१२ वॅट जळतात, पाव वॅटचा रेझिस्टर पुरतो. पांढऱ्यावर ३.२ व्होल्ट पडतात. २० मिलिअँपिअरसाठी ५६० ओहम लागतो आणि त्यात ०.२ वॅट जळतात. बंद पेटीत पाव वॅटचा रेझिस्टर या भारावर चांगलाच भाजतो. तिथे अर्धा वॅटच लावा.

खरं तर पॅनलवरच्या इंडिकेटरला २० मिलिअँपिअर कशालाच लागत नाहीत. आजचा हिरवा किंवा निळा एलईडी एका मिलिअँपिअरलाही ठसठशीत दिसतो. जुन्या एलईडीचा १ किलोओहम तसाच ठेवलात तर रात्री शॅकमधला (रेडिओच्या खोलीतला) दिवा मालवल्यावर तो डोळ्यांत खुपेल. आकडा अंदाजाने ठरवू नका. १ किलोओहमच्या सिरीजमध्ये १० किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) जोडा, खोलीत अंधार करा, डोळ्याला बरं वाटेल तिथे पॉट थांबवा, मग दोन्हींचा मिळून रेझिस्टन्स मोजून त्याच्या जवळचा रेझिस्टर बसवा. उत्तर बहुतेक वेळा ४.७ ते १० किलोओहमच्या मध्ये येतं.

रंग तोच, म्हणजे एलईडी तोच असं मानणं

ही चूक जाणकारांकडूनही होते. जुन्या पोपटी हिरव्या एलईडीवर २.१ व्होल्ट पडतात. दुकानात मिळणारा नवा, जरा निळसर झाक असलेला लख्ख हिरवा ३ ते ३.२ व्होल्ट मागतो. समजा गाडीतल्या रिगमधला बिझी एलईडी (चॅनल वापरात असल्याचं दाखवणारा) ३.३ व्होल्टच्या प्रोसेसर पिनवरून १५० ओहममधून चालतो. जुन्यातून ८ मिलिअँपिअर जात होते. नव्याला जेमतेम एक मिळतो. दिवा मिणमिणतो आणि माणूस स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारं) सर्किट उघडून बसतो. अशा जागी जुन्याच जातीचा पोपटी हिरवा शोधा.

याहून फसवी जागा म्हणजे एलईडीचाच रेफरन्स म्हणून वापर केलेलं सर्किट. ट्रान्झिस्टरच्या बेसवर लाल एलईडी आणि एमिटरला ११५ ओहम असेल, तर एलईडीच्या १.८ व्होल्टमधून बेस-एमिटरचे ०.६५ वजा होऊन १.१५ उरतात, आणि ट्रान्झिस्टर १० मिलिअँपिअरचा स्थिर करंट देतो. छान दिसतो म्हणून तिथे ३.१ व्होल्टचा निळा बसवलात, तर तोच करंट २१ वर जातो आणि पुढच्या स्टेजचं बायस (तिला मिळणारा स्थिर करंट) दुप्पट होतं. दिवा मजेत पेटत असतो, त्यामुळे संशयही येत नाही. एलईडीचं एक टोक ट्रान्झिस्टरच्या बेसला जात असेल, तर रंग बदलायचा नाही.

दुरंगी एलईडीत पाय मोजा. तीन पाय असतील तर कॉमन कॅथोड (निगेटिव्ह टोक सामाईक) की कॉमन अ‍ॅनोड (पॉझिटिव्ह सामाईक), हे जुना काढण्याआधी तपासा. दोन पायांच्या दुरंगीत दोन एलईडी एकमेकांना उलटे जोडलेले असतात. तिथे साधा बसवला तर एक रंग कायमचा गेला, वर दुसऱ्या वेळी त्याच्यावर उलटं व्होल्टेज येतं ते वेगळंच.

एसी लाइन न ओळखणं

व्हॉल्व्हवाल्या आणि हायब्रिड (व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर दोन्ही असलेल्या) रिगमध्ये पायलट लॅम्प बऱ्याचदा ट्रान्सफॉर्मरच्या ६.३ व्होल्ट फिलामेंट वाइंडिंगवरून चालतो. ४७ नंबरचा ६.३ व्होल्ट, १५० मिलिअँपिअरचा बल्ब हा त्यातला नेहमीचा. ६.३ व्होल्ट एसीचं शिखर ८.९ व्होल्ट असतं आणि बहुतेक एलईडींची उलट्या दिशेची मर्यादा ५ व्होल्ट. नुसता रेझिस्टर लावला तर एलईडी महिनाभर चालेलही, पण दर सेकंदाला ५० वेळा मार खात. ४७० ओहम सिरीजमध्ये घाला आणि एलईडीला समांतर, पण उलटा, एक १एन४१४८ डायोड जोडा. नजर फिरवताना थरथर जाणवत असेल तर छोटा ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), १०० मायक्रोफॅरड आणि ५६० ओहम वापरा. फिलामेंट लाइनीचं एक टोक चॅसीला जोडलेलं असू शकतं, तेव्हा ब्रिजचं निगेटिव्ह चॅसीला टेकवायचं नाही.

या रिग उघडताना आत सहाशे ते आठशे व्होल्टचे कपॅसिटर असतात, हे विसरू नका. प्लग काढा, २२ किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी लावून अर्धा मिनिट ठेवा आणि नंतर मीटरने शून्य बघा. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करणं हा मूर्खपणा आहे. पॉवर सप्लायच्या २३० व्होल्टवर निऑन असेल तर तो गेल्यावर निऑनच लावा. तिथे एलईडीला नुसत्या रेझिस्टरवर ५ मिलिअँपिअर द्यायचे तर रेझिस्टरमध्ये एक वॅटहून जास्त जळतं.

गाडीचा तयार एलईडी बल्ब बसवणं

टी-१० साच्याचा एलईडी जुन्या होल्डरमध्ये फिट बसतो म्हणून मोह होतो. यातल्या काहींच्या पोटात स्विचिंग कन्व्हर्टर असतो, आणि तो एचएफवर (शॉर्टवेव्ह बँडांवर) खरखर ओततो. रिसिव्हर असलेल्या पेटीतच हे उपकरण बसवल्यावर दुसरं काय होणार? ओळखायची रीत सोपी: अँटेना काढून डमी लोड लावा, ४० मीटरवर आवाज ऐका आणि दिव्याची वायर सोडवा. नॉइज फ्लोअर (मागची सततची खरखर) खाली आला तर गुन्हेगार सापडला. साधा एलईडी आणि रेझिस्टर, एवढंच वापरा. पीडब्ल्यूएम डिमरचंही (दिवा भराभर चालू-बंद करून उजेड कमी करणाऱ्याचं) तेच. उजेड कमी-जास्त करायचा असेल तर पॉट आणि एमिटर फॉलोअर (एका ट्रान्झिस्टरचं साधं सर्किट) पुरतो.

ट्रान्समिट करताना बंद एलईडी मंद पेटत असेल तर त्याच्या पायांतच आरएफ (ट्रान्समीटरची रेडिओ लहर) शिरतंय. ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर पायांना अगदी लागून सोल्डर करा. दोन इंच वायर सोडून लावलेल्या कपॅसिटरचा फारसा उपयोग नाही. ट्रान्समिट नसतानाही बारीक उजेड राहत असेल तर ड्रायव्हर ट्रान्झिस्टरची गळती आहे. एलईडीला समांतर ४.७ किलोओहम टाका, विझेल.

एस-मीटरची पट्टी

सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एलईडींच्या पट्टीमागे बसणाऱ्या एलएम३९१४ आणि एलएम३९१५ या आयसी स्वतःच करंट ठरवतात. सातव्या पिनमधून निघणाऱ्या करंटच्या दहापट प्रत्येक एलईडीला मिळतो. आठवी पिन ग्राउंडला असेल तर १.२ किलोओहमला साधारण १० मिलिअँपिअर. नवे एलईडी मंद वाटले म्हणून हा रेझिस्टर कमी करू नका. आठव्या पिनखाली दुसरा रेझिस्टर असेल तर फुल-स्केलही सरकतो आणि एस-९ची (जोरदार सिग्नलच्या खुणेची) जागा बदलते. शिवाय बार मोडमध्ये (एकाच दिव्याऐवजी तिथपर्यंतचे सगळे पेटतात तेव्हा) दहाही पेटले की १३.८ व्होल्टवर आयसीत १.२ वॅटच्या आसपास जळतं, म्हणजे मर्यादेच्या अगदी उंबरठ्यावर. एलईडींना ५ व्होल्ट द्या.

बसवताना

चपट्या कडेचा पाय कॅथोड. आतली मोठी वाटी म्हणजे कॅथोड, हा समज काही जातींत उलटा पडतो, आणि एसएमडीवरच्या (बिनपायांच्या, बोर्डावर चिकटणाऱ्या चिमुकल्या एलईडीवरच्या) हिरव्या खुणेचा अर्थही बनावटीनुसार बदलतो. मीटरच्या डायोड रेंजवर पांढरा कधी कधी पेटतच नाही. सीआर२०३२ सेलवर क्षणभर टेकवून बघा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत 'पांढरा एलईडी द्या' म्हटलं की पारदर्शक घुमटाचा मिळतो. त्याने डायलवर मधोमध एक झगझगीत ठिपका आणि कडांना अंधार होतो. डिफ्यूज्ड (दुधी घुमटाचा) मागा, नाहीतर घुमट ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून दुधी करा. जुन्या बल्बवरचं हिरवं रबरी टोपण वापरायचं असेल तर वॉर्म व्हाइट घ्या. पट्टीसाठी सगळे एकाच पुडीतले असू द्या, शेड जुळते.

जुन्या तपकिरी फिनॉलिक बोर्डावरचा पॅड (सोल्डर करायचा तांब्याचा ठिपका) फार लवकर उचलतो. एलईडी ओढून काढू नका. आधी त्याचे पाय कापा, थोडं ताजं सोल्डर लावा आणि ३५० अंशांवर एकेक पाय वेगळा काढा, दर पायाला दोन-तीन सेकंद. नवा बसवताना दोन्ही पाय भोकांत सैल सोडा, फ्रंट पॅनल जागेवर स्क्रूने आवळा, एलईडी त्याच्या खिडकीत पुढे सरकवा आणि मागून फक्त एक पाय सोल्डर करा. पॅनल काढून सरळ बसलाय का ते बघा. मगच दुसरा पाय.