शूटिंग रेंजसाठी कानाचं संरक्षण घेताना: सियागंजच्या गल्ल्यावरून

इंदूरच्या सियागंजात आमचं सेफ्टीच्या सामानाचं दुकान आहे. हेल्मेट, हातमोजे, गमबूट, वेल्डिंगचे चष्मे. माल जातो तो मुख्यतः पिथमपूरच्या आणि सांवेर रोडच्या कारखान्यांत. नेमबाज पूर्वी चुकूनमाकून यायचे, आता आठवड्याला एक-दोन तरी येतातच. पोरीला नुकतंच शूटिंगला घातलेली आई, निमाडातला बाराबोर बंदुकीचा लायसन्सवाला शेतकरी, महूहून स्कूटरवर आलेला कॉलेजचा मुलगा. खरगोन जिल्ह्यातल्या रतनपूरचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर नेमबाजीत मेडलं आणायला लागल्यापासून निमाडची पोरं जास्त. आणि 2024 ला पॅरिसमध्ये आपल्या स्वप्निल कुसाळेला ब्राँझ मिळालं, तेव्हापासून रामबागेतली आणि टिळक नगरातली मराठी घरंही.

सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "काकू, सगळ्यात जास्त नंबरचा कोणता?"

तर आधी नंबराचंच बोलू, म्हणजे आवाज किती डेसिबलने कमी होतो त्या आकड्याचं. कानात घालायच्या फोमच्या प्लगचा एखादा डबा हातात घेऊन उलटसुलट करून बघा. थ्री-एमचा 1100 म्हणून जो नारिंगी प्लग येतो, त्याचा एनआरआर आहे 29 आणि एसएनआर आहे 37. प्लग तोच, बोटभरही फरक नाही. एनआरआर ही अमेरिकेची मोजणी, एसएनआर युरोपची. त्यामुळे एका मफचा (हेडफोनसारखे कान झाकणारे दोन कप, तो मफ) एनआरआर आणि दुसऱ्याचा एसएनआर समोरासमोर ठेवून भाव करू नका, ते किलो आणि शेर एकाच तराजूत टाकण्यासारखं आहे. डब्यावर नुसतं "37 डीबी" ठळक छापलंय, पण एनआरआर नाही, एसएनआर नाही, युरोपच्या मानकाचा ईएन 352 नाही, आपल्या भारतीय मानकाचा आयएस 9167 पण नाही, तर ते खेळणं समजून परत ठेवा. ऑनलाइन असे खूप मिळतात. माझ्याकडे ते घेऊन लोक येतात आणि विचारतात, "हे चालेल ना?" काय सांगणार?

दुसरी गोष्ट, हा आकडा प्रयोगशाळेतला. सतत चालणारा एकसारखा आवाज, शिकवलेला माणूस, नीट बसवलेला प्लग. अमेरिकेतल्या निऑश या सरकारी संस्थेने 1998 ला सांगितलं की प्रत्यक्षात हिशेब करताना मफचा एनआरआर पाव भागाने कमी धरा, फोमच्या प्लगचा निम्म्याने, आणि बाकी प्लगांचा तर 70 टक्क्यांनी. म्हणजे 29 चा प्लग विकत घेऊन तुम्ही हातात साधारण 14 घेऊन घरी जाता. हा प्लगचा दोष नाही. माणसं तो अर्धवट घालतात, एवढंच.

आता समोरचा आवाज केवढा असतो ते बघा. पॉइंट 22 ची रायफल साधारण 140 डेसिबलच्या आसपास वाजते. पिस्तूल, बाराबोर, मोठ्या बोरच्या रायफली 150, 160 आणि त्याच्याही वर. डेसिबल दहाने वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते, म्हणजे 140 वरून 160 हा वीसचा नाही, शंभरपटीचा फरक. कारखान्यात आम्ही 85 डेसिबलला आठ तास, 88 ला चार तास असा वेळ मोजून देतो. बंदुकीला असला वेळेचा हिशेबच लागू नाही. 140 च्या वर एकच बार पुरतो. कानाच्या आत शंखासारख्या भागात केसांएवढ्या बारीक टोकांच्या पेशी असतात, एका कानात पंधरा-सोळा हजार. त्या मेल्या की पुन्हा येत नाहीत.

माझे वडील इथल्या एका कापड गिरणीत विणाई खात्यात होते. कानात कापूस कोंबून जायचे, सगळेच जायचे. कापूस बाहेरून भरगच्च वाटतो, पण त्यातून आवाज मजेत आरपार जातो. म्हातारपणी त्यांना पुरुषांचं बोलणं ऐकू यायचं, नातवंडांचं नाही. "स", "श", "फ" गळून पडायचे. "साखर" म्हटलं की ते "आखर?" म्हणून आमच्याकडे बघायचे. आवाजाने जाणारा कान बहुतेक वेळा असाच जातो, वरच्या पट्टीतून, 4000 हर्ट्झच्या आसपास. पुष्कळ वर्षं घरात कोणाला कळतसुद्धा नाही. म्हणून कोणी कापसाचं नाव काढलं की माझा आवाज चढतो, ते समजून घ्या.

माझं म्हणणं असं की नंबर नंतर, आधी बसणं. गल्ल्यावर मी प्रत्येकाला एक जोडी फुकट घालायला लावते. परवा एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आला. प्लग घेतला, दोन बोटांत चेपला आणि बाटलीला बूच लावतात तसा कानाच्या तोंडाशी दाबला. अर्ध्याहून जास्त प्लग बाहेर. "बसला काकू, मस्त." मी म्हटलं, काढ.

मग पहिल्यापासून. हात धुवून ये, कारण हातावर तेल आणि धूळ असते, ती थेट कानात जाते. आता प्लग तळहातावर हळूहळू वळ, उदबत्तीच्या काडीसारखा बारीक झाला पाहिजे आणि त्यावर सुरकुती नको. सुरकुती राहिली की तिथूनच आवाज शिरतो. उजव्या कानात घालायचाय ना, मग डावा हात डोक्यावरून आण आणि उजव्या कानाची पाळी वर आणि मागे ओढ. ओढली की आतली वाकडी वाट सरळ होते. आता सरकव, आणि बोटाने धरून ठेव. तीस आकडे मोज. त्याने पंधराला हात सोडला, मी परत मोजायला लावले. दुसऱ्या कानाचं झालं आणि तो म्हणाला, "काकू, माझाच आवाज मला डब्यात बोलल्यासारखा येतोय." हीच खूण. समोरून आरशात पाहिलं तर प्लगचं टोक दिसत नाही किंवा जेमतेम दिसतं, ही दुसरी. तिसरी तपासणी रेंजवर करायची: दोन्ही तळवे कानांवर दाबा आणि सोडा. आवाजात मोठा फरक पडला तर प्लग नीट बसलेला नाही.

बायकांच्या आणि लहान मुलांच्या कानाची वाट अरुंद असते. त्यांना नेहमीचा प्लग दुखतो, दुखला की बाहेर येतो. लहान मापाचे मागा, मिळतात. एका कानाची वाट दुसऱ्यापेक्षा वेगळी असणंही अगदी सामान्य आहे, दोन कानांत दोन मापं घातली तर कोणी हसणार नाही.

मफचं तंत्र निराळं. तिथे सगळा खेळ कपाच्या कडेच्या गादीचा. गादी कानाच्या भोवती, कवटीला चारी बाजूंनी टेकली पाहिजे, आणि मधे काही येता कामा नये. मधे येतो चष्मा. जाड काडीचा चष्मा घालून मफ लावा आणि काडीच्या खाली बोट फिरवा, फट लागते. एवढ्या फटीतून काही डेसिबल सहज निघून जातात. चष्मेवाल्यांनी पातळ, चपट्या काडीची फ्रेम करून घ्यावी आणि गादी मऊ असलेला मफ घ्यावा. पोरींची कानामागची क्लिप, जाड वेणी, कुंडलं, टोपीची कड, सगळं बाजूला. रेंजवर डोळ्यांचा चष्मा काढता येत नाही, तो हवाच, म्हणून मी त्यांना सांगते, आत प्लग, वर मफ.

दोन्ही एकत्र घातलं की 29 आणि 25 मिळून 54 होतात असं वाटणारे बरेच आहेत. होत नाहीत. मोठ्या आकड्यात साधारण पाच मिळवायचे, बस. 29 आणि 25 म्हणजे चौतीसच्या आसपास. त्यापुढे आवाज कानातून नाही, कवटीच्या हाडातून आत पोचतो, तिथे कुठलाही मफ काही करत नाही. तरी हे पाच सोन्याचे आहेत. बंद छताखालची रेंज, पिस्तूल, बाराबोर, किंवा शेजारच्या बेवर, म्हणजे बाजूच्या नेमबाजाच्या जागेवर, मोठ्या बोरची रायफल असेल तर मी एकटा प्लग किंवा एकटा मफ विकतच नाही. आवाज भिंतींवर आपटून परत येतो, आणि शेजारचा बार तुमच्या बारापेक्षा जास्त मारतो, कारण तो कधी येणार हे तुम्हाला ठाऊक नसतं.

रायफलवाल्यांची एक खास अडचण. गाल बटावर, म्हणजे रायफलच्या मागच्या दस्त्यावर, टेकवला की मोठा मफ बटाला आपटतो, गादी उचलते आणि नेमक्या त्या क्षणी फट पडते. थ्री-एमच्याच पेल्टरचा एक्स5 मफ बघा, एनआरआर 31, एसएनआर 37, कारखान्यात त्याला तोड नाही. पण त्याचे कप इतके जाड की प्रोन पोझिशनमध्ये, म्हणजे पालथं झोपून, रायफल धरताच येत नाही. रायफल आणि शॉटगनसाठी पातळ कपाचा मफ घ्या, नंबर पाच-सहाने कमी असला तरी चालेल, आणि आत प्लग. घ्यायच्या आधी दुकानातच झाडूच्या काठीला गाल टेकवून बघा. माझ्याकडे त्यासाठी एक जुनं क्रिकेटचं स्टंप ठेवलंय, गिऱ्हाइकं हसतात, पण टेकवून बघतात. उजव्या हाताने रायफल चालवणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, तोच आधी बिघडतो. डाव्या बाजूची गादी जास्त काळजीने तपासा.

पिस्तूलवाल्यांना ही भानगड नाही, त्यांनी जाड मफ खुशाल घ्यावा.

दहा मीटरच्या एअर रायफलला दारू नसते, दाबलेली हवा असते. आवाज पुष्कळ कमी. तिथे एकटा साधा मफ किंवा प्लग पुरतो, आणि खरं तर बरीच मुलं तो मागच्या पालकांची कुजबुज ऐकू येऊ नये म्हणून लावतात. तेही कारण चांगलंच आहे. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी 140 चं शिखर धरलंय आणि मुलांसाठी 120 चंच, त्यामुळे एअर रायफल शिकणारी पोरं शेजारच्या पॉइंट 22 च्या रेंजवर "नुसतं बघायला" जातात तेव्हा त्यांच्याही कानांवर काहीतरी हवं.

इलेक्ट्रॉनिक मफबद्दल रोज विचारतात. बाहेर मायक्रोफोन असतो, बोलणं आत ऐकू येतं, आणि 82-85 डेसिबलच्या वरचा आवाज तो आत वाढवून सोडत नाही. कोच, रेंज ऑफिसर, नवीन शिकणारा, यांना उत्तम. कमांड ऐकायला मफ काढावा लागत नाही, हा मोठा फायदा. पण बहुतेकांचा एनआरआर 22-23 च असतो, म्हणून मोठ्या बोरला त्याच्या आत प्लग घालून आवाजाचं बटण थोडं वाढवायचं. सेल संपला तरी तो साध्या मफसारखं काम करतोच. स्पर्धेला जाणाऱ्यांनी मात्र हे पैसे घालवण्याआधी कोचला विचारावं, आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या नियमांत खेळाडूला आवाज ग्रहण करणारी साधनं लावू देत नाहीत, आवाज फक्त कमी करणारं साधन चालतं. एका वडिलांनी दहा हजारांचा घेऊन झाल्यावर हे ऐकलं, माझ्याकडे रागाने बघत होते, जणू नियम मीच केला. आणि मोबाइलचे ते नॉइज कॅन्सलिंगवाले इअरबड्स बंदुकीसाठी नाहीत. नाहीतच.

ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून, कानाचा साचा घेऊन सिलिकॉनचे प्लग करून मिळतात. वर्षानुवर्षं रेंजवर जाणाऱ्याला ते आरामाचे. वाढत्या वयाच्या मुलाला नको, कान वाढतो आणि प्लग तेवढाच राहतो.

आता माझीच गोष्ट. माझा धाकटा भाऊ पिस्तूल चालवायचा, मी एकदा त्याच्याबरोबर गेले होते. मागच्या बाकावर बसलेली, डोक्यावर आमच्याच दुकानातला मफ. एक डिटेल, म्हणजे नेमबाजांची एक पाळी, संपल्यासारखी वाटली, सगळे टेबलाशी हलायला लागले, मी थर्मासमधून चहा ओतायला मफ गळ्यात उतरवला. पलीकडच्या टोकाला एकाचा बार बाकी होता. तीन दिवस डाव्या कानात शिट्टी. तिसऱ्या दिवशी गेली असं मला वाटलं. अजूनही रात्री, पंखा बंद केला की ती येते, बारीक, प्रेशर कुकरच्या लांबच्या शिट्टीसारखी. तेव्हापासून मी मागे बसणाऱ्या आईवडिलांनाही प्लग विकते. प्लग आधी घालायचे रेंजच्या दाराबाहेर, काढायचे परत दाराबाहेर आल्यावर. मफ गळ्यात उतरवला तरी प्लग आत राहतात, हा दुहेरी संरक्षणाचा मला कळलेला सगळ्यात मोठा उपयोग. आणि बार ऐकल्यावर शिट्टी किंवा दडा बसल्यासारखं वाटलं तर चार दिवस वाट बघत बसू नका, लगेच कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. मी थांबले होते. नेमबाजी सुरू करण्याआधी एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून कागद जपून ठेवा, वर्षाने परत करा. दोन कागद शेजारी ठेवल्याशिवाय फरक कळत नाही.

सांभाळायचं म्हणाल तर फोमचे प्लग दहा-वीस रुपयांची जोडी, मळले किंवा फुगायला वेळ लावायला लागले की फेका. पावसाळ्यात ओल्या कानात प्लग घालून तासन् तास बसलं की बुरशी धरते, आषाढ-श्रावणात डॉक्टरांकडे असे कान भरपूर जातात. आंघोळीनंतर कान पूर्ण कोरडा होऊ द्या. कान खाजत असेल, वाहत असेल तर त्या दिवशी प्लग नको, फक्त मफ, आणि रेंज मोठ्या आवाजाची असेल तर घरीच बसा. मफच्या गाद्या मे महिन्याच्या घामाने कडक होतात, त्यांना चिरा पडतात. नखाने दाबा, खड्डा लगेच भरून आला पाहिजे. नाही आला तर गाद्या बदला, पूर्ण मफ घ्यायची गरज नसते. चांगल्या कंपन्यांच्या गाद्या सुट्या मिळतात. कारच्या डॅशबोर्डवर मफ उन्हात टाकून ठेवणाऱ्यांना दर वर्षी लागतात.

गाद्या घ्यायला याल तेव्हा मफ सोबत आणा, नाहीतर निदान कपाच्या आतल्या बाजूला छापलेल्या मॉडेल नंबराचा फोटो. "काळा होता, काकू, मधे लाल पट्टी" एवढ्यावर मला काही काढून देता येत नाही.