केरव्याच्या बोलांवरून जपानी स्का-पंक गिटारवर आणताना

जपानी स्का-पंक, म्हणजे जमैकाचा स्का आणि जलद पंक रॉक यांचे मिश्रण, वाजवू पाहणाऱ्या पुण्यातील मुलांचा हात बहुधा एकाच ठिकाणी अडखळतो. लहानपणापासून ढोल-ताशा कानांत मुरलेला असल्याने तो आपोआप समेवर पडतो, आणि स्काची गिटार तर समेवर जवळजवळ वाजतच नाही. कोथरूडच्या एका खोलीत आम्ही सरावाला बसू लागलो, तेव्हा पहिले दोन महिने माझेही हेच होत होते. मार्ग सापडला तो केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात.

‘धा गे ना ति । न क धि ना’ हे बोल मोठ्याने म्हणावेत आणि धा, ना, न, धि या विषम मात्रांवर पायाने ठेका धरावा. गिटार वाजवायची ती फक्त गे, ति, क आणि शेवटच्या ना या दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या मात्रांवर, तीही पिक (तार छेडायची चकती) खालून वर नेऊन आणि केवळ बारीक तीन-चार तारांवर. मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ९० ठोक्यांवर ठेवून त्याच्या प्रत्येक ठोक्यात दोन बोल बसवावेत. हे सलग पाच मिनिटे न चुकता जमल्याशिवाय लय वाढवू नये, कारण या प्रकारातील पुष्कळ गाणी १८० च्या आसपास किंवा त्याहून जलद असतात आणि संथ लयीत राहिलेली चूक तेथे झाकली जात नाही.

खरे कसब डाव्या हाताचे आहे. तार छेडताच बोटांचा दाब काढायचा, मात्र बोटे तारांना टेकलेलीच ठेवायची, म्हणजे सूर ‘चक्’ असा तुटतो. उघड्या तारांच्या कॉर्डमध्ये हे साधत नाही, कारण मोकळी तार घुमतच राहते. म्हणून सर्व कॉर्ड बॅरे पद्धतीने, म्हणजे एक बोट तारांवर आडवे दाबून, धरावेत. याचा आणखी एक लाभ ट्रंपेट आणि सॅक्सोफोन आल्यावर कळतो. या वाद्यांचे सूर वेगळ्या नावांनी लिहिले जातात, म्हणून गिटारवर सी असताना ट्रंपेटवाल्याला डी आणि आल्टो सॅक्सवाल्याला ए वाजवावा लागतो, तर ट्रॉम्बोनला असा बदल लागत नाही. गिटारवाल्यांची आवडती ई पट्टी त्यामुळे फुंकवाद्यांना फार गैरसोयीची ठरते. बी फ्लॅट घेतल्यास ट्रंपेटला सी व आल्टोला जी मिळतो आणि बॅरे धरणाऱ्या गिटारिस्टला कसलाही त्रास होत नाही. मिरवणुकीच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवणारा कोणी ओळखीचा असेल, तर त्याला अवश्य बोलवावे. मोकळ्या रस्त्यावर वाजवून त्याचा दम तयार झालेला असतो.

ऐकण्याची सुरुवात १९८५ मध्ये स्थापन झालेल्या टोकियो स्का पॅराडाइज ऑर्केस्ट्रापासून करावी. जमैकाच्या मूळ स्काची चाल आणि फुंकवाद्यांचा भरगच्च मेळ त्यांच्याकडे स्पष्ट ऐकू येतो. त्यानंतर पॉप-पंकसाठी १९९१ साली सुरू झालेला हाय-स्टँडर्ड ऐकावा. हे अवघे तिघे, बहुतेक गाणी इंग्रजीत, तरीही चाली इतक्या गोड की दुसऱ्यांदा ऐकतानाच आपण गुणगुणू लागतो. १९९५ च्या केमुरीमध्ये हे दोन्ही प्रवाह एकत्र भेटतात, आणि शिकणाऱ्याने सर्वाधिक वेळ त्यांनाच द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

स्काच्या कडव्यातून पंकच्या ध्रुवपदात शिरणे हा सर्वांत अवघड भाग आहे. ध्रुवपदात जाड तारांवर पॉवर कॉर्ड (दोन-तीन तारांचे साधे कॉर्ड), आठही मात्रांवर वरून खाली आघात आणि पायाच्या पेडलने डिस्टॉर्शन (खरखरीत आवाज) चालू, असा सारा पालट एका क्षणात घडवावा लागतो. शेवटच्या ‘ना’वर हात वर गेलेलाच असतो, त्यामुळे पुढच्या ‘धा’वर तो खाली येणे स्वाभाविक आहे, गोंधळ होतो तो पायाचा. यावर उपाय असा, की शेवटच्या आवर्तनात ‘क’नंतर गिटार थांबवावी, ‘धि ना’ या दोन मात्रा ड्रमवाल्याला मोकळ्या सोडाव्यात आणि तेवढ्या अवकाशात पेडल दाबून घ्यावे. सरावात संपूर्ण गाणे न घेता ही दोनच आवर्तने वीस-पंचवीस वेळा घ्यावीत, आणि त्या वेळीही एकाने बोल मोठ्याने म्हणत राहावे.