हुशार मुलांसाठी एनरिचमेंटचा वर्ग चालवताय? या चुका टाळा

सगळ्यांच्या आधी गणितं संपवणाऱ्या मुलीला बक्षीस काय मिळतं? आणखी गणितं. तशीच, फक्त दहा जास्त. आठवड्याभरात ती शहाणी होते आणि सावकाश लिहायला लागते. बरीच वर्षं मी एनरिचमेंटचे, म्हणजे नेहमीच्या अभ्यासापलीकडचं काम देणारे खास वर्ग घेतोय आणि सगळ्यात जास्त वेळा दिसलेली चूक हीच: जादा कामालाच वेगळं काम समजणं.

वेगळं म्हणजे कसं? गुणाकारांचं आणखी एक पान देण्याऐवजी मी फळ्यावर १५ लिहितो. लागोपाठच्या संख्यांची बेरीज करून तो आणायचा, शून्य न वापरता. ७ + ८ लगेच येतं. मागून कुणीतरी ४ + ५ + ६ ओरडतं. जरा शांतता, मग १ + २ + ३ + ४ + ५. आता ३० पर्यंतच्या सगळ्या संख्या करून बघा म्हटलं की मुलं तुटून पडतात. ४ अडतो, ८ अडतो, १६ वर तर खोडरबराची वाट लागते. अडलेल्या संख्या एका ओळीत मांडल्या की कुणाच्या तरी लक्षात येतं, "सर, या तर दुपटीच्या आहेत!" खरं गणित इथून पुढे, कारण आता विचारायचं, का? बेरीज येणाऱ्या कुठल्याही मुलाला सुरुवात करता येते आणि सिद्ध करताना मोठ्यांनाही घाम फुटतो. खास वर्गात असलं काम हवं.

दुसरी चूक याच चुकीच्या पोटातली. नवं द्यायचं, पण जुनं काढून घ्यायचं नाही. मूल दोन तास खास वर्गात बसतं आणि परत आल्यावर बुडालेला अभ्यास उतरवून काढतं. हुशारीचा दंडच की हा! त्यापेक्षा धडा सुरू करण्याआधी त्यातली सगळ्यात अवघड पाच गणितं द्या. चार बरोबर आली तर बाकीची माफ, चुकलेलं तेवढं शिकवा. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेंझुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विचार 'करिक्युलम कॉम्पॅक्टिंग' या नावाने मांडला. सॅली रीस यांच्या गटाने १९९३ मध्ये अमेरिकेत केलेल्या अभ्यासात निवडक मुलांचा ४० ते ५० टक्के नेहमीचा अभ्यासक्रम गाळला, तरी चाचण्यांत ती मागे पडली नाहीत. "गाळलेलं परीक्षेत आलं तर?" ही धास्ती म्हणून फारशी खरी नाही, मुलाला ते येतं म्हणूनच तर गाळलं. (आणि कृपा करून हा वर्ग खेळाच्या तासाला ठेवू नका. पोरांच्या मनातून वर्गच उतरतो.)

निवडीबद्दल थोडं. एकाच चाचणीचा आकडा धरून दार लावू नका. मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात बुद्ध्यंक मोजून दीड हजाराहून अधिक मुलं निवडली. विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ यांचीही लहानपणी चाचणी झाली होती, पण त्यांचा आकडा कमी पडला. पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल एकाला १९५६ मध्ये मिळालं, दुसऱ्याला १९६८ मध्ये. शिक्षकांची शिफारसही फसते. सुबक अक्षराची, सांगितलेलं ऐकणारी मुलं चटकन नजरेत भरतात. वाचताना अडखळणारा, सतत चुळबुळ करणारा मुलगा राहून जातो. मीही असा एक मुलगा दोनदा नाकारला होता. ८ का अडतो हे मला पुढे त्यानेच समजावलं, तेही तोंडी, कारण लिहायचा त्याला भारी कंटाळा. तेव्हापासून चाचणीबरोबर तोंडी बोलणं आणि मुलाने स्वतःहून केलेलं काम, दोन्ही बघतो. वर्षाच्या मध्ये आणखी एकदा निवड करतो.

"कंटाळा येतो" असं मूल म्हणालं की लगेच काम सोपं किंवा अवघड करू नका. आधी एक पायरी वरचा प्रश्न टाकून बघा. डोळे चमकले तर आधीचं काम मिळमिळीत होतं. पेन्सिल खाली ठेवून ते खिडकीबाहेर बघायला लागलं, तर बहुधा भीती आहे.

ही भीती फार जणांना असते, कारण न येण्याची सवयच नसते. त्यात आपण "किती हुशार आहेस!" म्हणत राहतो. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ च्या प्रयोगांत अशी शाबासकी मिळालेली मुलं अवघड कोड्यांत अपयश आल्यावर लवकर खचली. मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. त्यामुळे रडू आलं तरी उत्तर सांगू नका. काय काय करून पाहिलं ते विचारा आणि वहीत तसंच लिहायला लावा, चुकलेल्या वाटांसकट. माझ्या वर्गात त्याला 'अडलेलं पान' म्हणतात. पुढच्या तासाला वही उघडली की आधी तेच पान काढायचं.